अधिकार आणि पंगत

गावातल्या सगळ्या मुलांनी एकाच शाळेत शिकावे, की हुशार मुले निवडून त्यांची शाळा वेगळी करावी, हा वाद शिक्षणखात्यापुरता नाही. ज्ञानावर अधिकार कोणाचा, हा जुना प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

भारतीय परंपरेने त्याची दोन उत्तरे दिली. पहिले अधिकारभेदाचे: शिष्याची तयारी पाहून विद्या द्यावी. यात तथ्य आहे, पण तयारी ओळखायची कशी हा पेच उरतो. छांदोग्य उपनिषदातल्या सत्यकाम जाबालाला आपले गोत्र ठाऊक नव्हते. ते त्याने सरळ सांगितले आणि त्या सत्यवचनावरच हारिद्रुमत गौतमांनी त्याला शिष्य केले. उलट महाभारतात द्रोणांनी एकलव्याला जन्मावरून नाकारले. दुसरे उत्तर संतांचे. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये गीतार्थ मराठीत आणला आणि संस्कृत न येणाऱ्यालाही तो ऐकण्याचा अधिकार मिळाला.

सिंधुदुर्गात ही दोन्ही उत्तरे शाळांच्या रूपात दिसतात. वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत येईल त्या मुलाला प्रवेश असतो. सावंतवाडी तालुक्यातील सांगेलीच्या जवाहर नवोदय विद्यालयात पाचवीतली मुले परीक्षा देऊन सहावीत जातात. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाशी जोडलेल्या या नवोदय योजनेत किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात आणि निवास, भोजन, शिक्षण यांची सोय सरकार करते. ऐपत नसलेल्या घरातल्या बुद्धिमान मुलाला वाट मिळावी, हा तिचा हेतू न्याय्य आहे. विशेष शाळांची बाजू इथेच बळकट होते. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीने १९६९ मध्ये प्रशाला काढली, तीही प्रज्ञावंत मुलांच्या बुद्धीला पुरेसे आव्हान मिळावे म्हणूनच.

अडचण निवडीच्या वयात आहे. दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या उत्तरपत्रिकेत त्याच्या बुद्धीबरोबर घरातली पुस्तके, पालकांचे शिक्षण आणि शिकवणीची सोयही उतरते. इंग्लंडमध्ये १९४४ च्या कायद्यानंतर अकराव्या वर्षीच्या परीक्षेवर मुलांच्या वाटा ठरू लागल्या. त्याविरुद्ध असंतोष वाढला आणि १९६५ मध्ये तिथल्या सरकारने स्थानिक संस्थांना सर्वांसाठी एकच शाळा उभारण्याच्या योजना मागितल्या.

सामाईक शाळेचे प्रयोजन गुणांपलीकडचे आहे. राजर्षी शाहूंनी १९१९ मध्ये कोल्हापूर संस्थानातील अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. शेजारी बसल्याशिवाय समता अंगी बाणत नाही, हे त्यामागचे तत्त्व. कोठारी आयोगानेही (१९६४–६६) परिसरातील सर्व मुलांसाठी समान शाळेचा आग्रह धरला. वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेत तिसरी-चौथी एकाच खोलीत भरते. चौथीचा पाठ तिसरीच्या कानावर पडतो आणि अडलेल्याला शेजारचा सांगतो. दुपारी खिचडीच्या पंगतीत मच्छीमाराचे, शेतकऱ्याचे आणि दुकानदाराचे मूल मांडीला मांडी लावून जेवते. हुशार मुलाला इथे समजावून सांगण्याची सवय लागते, मागे राहिलेल्याला हुशारीचा जवळून परिचय होतो. निवडक मुले उठून गेली की वर्ग या दोन्ही गोष्टींना मुकतो.

म्हणून प्रश्न क्रमाचा आहे: आधी एकत्र शिकणे, मग निवड. मालवणच्या किनाऱ्यावर रापणीचे जाळे ओढताना दोन्ही टोकांचे दोर सगळे मिळून ओढतात आणि मासळीचे वाटे होतात. पाणी कुठे वळते, मासळी कुठे आहे, हे ओळखणारा तांडेल लागतोच. ती नजर येते मात्र वर्षानुवर्षे इतरांबरोबर समुद्रावर राबून. पिंगुळीच्या ठाकर समाजातील चित्रकथीची कलाही पिढ्यानपिढ्या घरातल्या मोठ्यांबरोबर बसून शिकली जाते. विशेष शिक्षणाची गरज खरी आहे. मुलाला स्वतःचा कल उमगू लागल्यावर, माध्यमिक टप्प्याच्या शेवटी, त्याला जागा द्यावी. तोवरचे शिक्षण सर्वांना एकत्र आणि चांगल्या दर्जाचे मिळाले पाहिजे. दर्जा सांभाळला नाही, तर सामाईक शाळा ही ऐपत नसलेल्यांची शाळा होऊन बसते आणि समतेचे तत्त्व कागदावरच राहते. अधिकाराचा विचार पंगत उठल्यावर करावा. पंगतीला बसण्याचा हक्क प्रत्येक मुलाचा आहे.