दुःखितास काय द्यावे?

संकटकाळी एकमेकांना श्रद्धेचा आधार द्यावा, हे आपण सारेच मान्य करतो. परंतु हा आधार म्हणजे नेमके काय, याचा विचार क्वचितच होतो. ३० मार्च २०२३ रोजी, ऐन रामनवमीच्या दिवशी, आपल्या इंदूर नगरीतील पटेल नगरच्या बेलेश्वर महादेव मंदिरात बावडीवरील छत कोसळले आणि ३६ भाविक मृत्युमुखी पडले. देवाच्या दारी हात जोडून उभी असताना ज्यांची माणसे गेली, त्यांना 'ईश्वरेच्छा बलीयसी' असे कोणत्या तोंडाने सांगावे? बावडीवर छत घातले ते माणसांनीच. माणसाच्या कृतीचा भार ईश्वराच्या माथी टाकणे ही श्रद्धा नव्हे; आणि त्याने दुःखिताचे सांत्वनही होत नाही.

मग दुःखितास द्यावे तरी काय? याचे उत्तर याच भूमीच्या इतिहासात आहे. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव होळकर पडले. अहिल्याबाई सती जावयास सिद्ध झाल्या, तेव्हा मल्हाररावांनी त्यांना परावृत्त केले, असे परंपरा सांगते. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मल्हारराव स्वतःच पुत्रशोकाने विदीर्ण झालेले होते. त्यांच्यापाशी सुनेला देण्याजोगे तत्त्वज्ञान नव्हते. त्यांनी उलट तिच्यापाशीच आधार मागितला. आणि ती केवळ त्या क्षणाची विनवणी राहिली नाही. पुढे १७६५ मध्ये तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे कूच करण्याची व दारूगोळ्याची तजवीज ठेवण्याची जबाबदारी त्यांनी पत्राने तिच्यावर सोपविली. १७६६ मध्ये मल्हारराव गेले, १७६७ मध्ये पुत्र मालेराव गेला. परंतु तोवर ती स्त्री राज्याचा भार वाहण्यास समर्थ झाली होती.

आधार नेहमीच सफल होतो, असे मात्र नाही. १७९१ मध्ये जामात यशवंतराव फणसे निवर्तले आणि कन्या मुक्ताबाई सती गेली. जी स्वतः सासऱ्याच्या शब्दाने मागे फिरली होती, तिला आपल्या लेकीला थांबविता आले नाही. म्हणून आपल्या प्रयत्नास यश न आले तर दुःखिताला दूषण देऊ नये, आणि यशाची खात्री नाही म्हणून प्रयत्न सोडूही नये. त्यानंतरही १७९५ पर्यंत, अखेरच्या दिवसांपर्यंत, अहिल्याबाईंनी प्रजेचा भार वाहिला. कदाचित त्या भारानेच त्यांना तारले असेल.

पुरोहिताच्या घरी वाढल्यामुळे मी अनेक घरांतील शोक जवळून पाहिला आहे. तेराव्या दिवसापर्यंत घर माणसांनी भरलेले असते. उपदेशाला तोटा नसतो. चौदाव्या दिवशी अंगण रिकामे होते, आणि खरे दुःख तेव्हाच घरात पाऊल टाकते. त्या दिवशी जाणारा मनुष्य हवा. त्याने फार बोलू नये. काही दिवसांनी मात्र, 'काका, भजनात आपल्यावाचून अडते,' 'वहिनी, शेजारच्या मुलीला शिकवणीची गरज आहे, आपण पाहाल का?' असे काहीतरी खरोखरीचे मागावे. मागणे लटके असेल, तर दुःखिताला ते तत्काळ कळते.

खचलेल्या जीवातही ईश्वराने काही सामर्थ्य शिल्लक ठेवले आहे, असा विश्वास बाळगून त्याच्यापाशी जाणे, हीच मला श्रद्धा वाटते. राजेंद्र नगरातील आपल्या गल्लीतही कोणाचा तरी आज चौदावा दिवस असेल. त्या घरी आपण गेलो आहोत काय?