लाल गोल

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या हॉलमध्ये दुपारी दोन ते चार शिलाईचा वर्ग चालतो. मागेच पुण्यातली एक वस्ती आहे, तिथल्या बायका येतात. शिकवणाऱ्या बाई वेगळ्या. मला सरळ टीपसुद्धा मारता येत नाही. माझ्याकडे हजेरीपट. दोनला प्रार्थना, दहा मिनिटं, मग मशिनी सुरू. प्रार्थना झाल्यावर जी येईल तिच्या नावापुढे मी लाल गोल करायचो.

हे मला कुणी सांगितलं होतं? पाळकांनी नाही, देणगीदारांनीही नाही. शिस्त हवी, असं मी स्वतःला सांगायचो. पण साडेतीनलाच उठून जाणाऱ्या बाईच्या नावापुढे मी कधी गोल केला नाही. मग ही शिस्त कशाची होती?

एकीच्या नावापुढे सगळ्यात जास्त गोल होते. तिसऱ्या घरची भांडी दोनला उरकायची आणि ती धावत यायची. एकदा म्हणाली, ‘‘सर, तुमची प्रार्थना चालू द्या, मी बाहेर थांबते, मधे येऊन मोडत नाही.’’ चपला काढून व्हरांड्यात उभी राहायची. ती प्रार्थना टाळते, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. खरंच टाळत असेल का? असली तरी काय बिघडलं? आणि मुळात तिला विचारलं कुठे होतं मी?

सहा महिन्यांनी चार पायमशिनी द्यायच्या होत्या. बाईंनी हात बघून नावं सुचवली, त्यात ती पहिली होती. मी हजेरीपट पुढे केला. लाल गोलांनी काम केलं. मशीन दुसरीला मिळालं. तिलाही गरज होतीच, म्हणून माझं मन तेव्हा मला फारसं खात नव्हतं. देणगीदारांना पाठवलेल्या पत्रात मी पहिलं वाक्य लिहिलं होतं, ‘प्रार्थनेत नियमित असलेल्या भगिनी...’ मुंढा कुणाला नीट बसवता येतो, हे पत्रात कुठेच नव्हतं.

लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. कॉलेजात मी पंडिता रमाबाईंची बाजू घेऊन भांडलो आहे. १८८९ साली मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं, आणि १८९३ मध्ये शाळेच्या आडून मुलींचं धर्मांतर होतं या आरोपावरून रानडे आणि भांडारकर सल्लागारपदावरून बाजूला झाले. रमाबाईंचं म्हणणं असं की, त्या आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, ज्या मुलीला वाटेल ती येऊन बसे. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून आणलेल्या मुली विणकाम शिकल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्याच छापखान्यातून निघालं. उघड्या दारावरून किती वाद घालता येतो, हे मला पाठ होतं. मी मात्र दार उघडं ठेवलंच नव्हतं, दाराशी पेन घेऊन उभा होतो. रमाबाईंवर झालेला आरोप त्यांना लागू होता की नाही, यावर मी तासन्‌तास बोलेन. मला तो लागू होतो.

आणि बायबलमधला पौल? वर्गाच्या उद्घाटनाला मीच बोललो होतो, की पौल तंबू करणारा होता, हाताच्या कामाला आपल्या धर्मात मान आहे वगैरे. टाळ्याही झाल्या. पण तो करिंथात अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबूंचं काम करत राहिला, ते सुवार्ता फुकट देता यावी म्हणून. मी उलटं केलं. शिलाई फुकट म्हणालो आणि दहा मिनिटांची फी लावली.

परवा ती मंडईच्या वाटेवर भेटली. एका दुकानासाठी काज-बटणं करते, नगावर पैसे. मशीन भाड्याचं आहे. माझी नजर खाली. तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूरही नव्हता. पिशवीतून अस्तराचा ब्लाउज काढला, बाही उलटी केली आणि म्हणाली, ‘‘इथे चुणी पडते, मुंढा बसत नाही. बाईंना विचारून सांगाल?’’ सहा महिने शिलाईचा वर्ग चालवणाऱ्या माणसाला त्या चुणीबद्दल एक शब्द बोलता आला नाही. मी नुसता कापड हातात घेऊन उभा.

बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, असं तोंडी सांगून कळत नाही, तिलाच पाठवा. दोनला नको म्हणावं, जमेल तेव्हा.

नव्या तुकडीला प्रार्थना आता चारनंतर ठेवली आहे, थांबेल तिच्यासाठी. लाल पेन घरीच ठेवतो. पहिल्या दिवशी मशिनींवर कापडं पडली, बायका उठल्या, काहीजणी रेंगाळल्या. मी डोळे मिटले, ‘हे पित्या’ म्हटलं, आणि एक डोळा किलकिला करून मोजलं. चार.