यादीतली नावं

गेल्या पावसाळ्यात एका जुन्या बंधुसंस्थेच्या स्मरणिकेचा इंग्रजी मजकूर मराठीत आणण्याचं काम माझ्याकडे आलं. संस्थेचा इतिहास, मदतकार्य, अध्यक्षांचं मनोगत, सगळं नेहमीसारखं. मध्ये एक पान होतं, ‘इतिहासातील ख्यातनाम सभासद’. खरं तर सगळ्यांत सोपं पान: नावं देवनागरीत लिहायची, भाषांतर काही करायचंच नाही. मी अडखळले ती नेमकी त्याच पानावर.

सुरुवात शब्दापासून झाली. ‘फ्रॅटर्निटी’साठी संविधानाच्या उद्देशिकेत ‘बंधुता’ हा नेटका शब्द आहे. बोलीत मात्र भावाभावांच्या नात्यावरून आपण घडवलेला शब्द ‘भाऊबंदकी’, आणि त्याचा अर्थ बांधावरून, वाटणीवरून पिढ्यान्‌पिढ्या चालणारं भांडण. रक्ताच्या भावांचा अनुभव असा असताना माणसं शपथ घेऊन परक्यांना भाऊ का म्हणत असतील? आणि म्हणू लागली की आपल्यात कोण कोण थोर होऊन गेले याची यादी का करत असतील?

अशा याद्यांत फ्रीमेसनांची यादी सर्वांत प्रसिद्ध. वॉशिंग्टन, मोत्झार्ट, व्हॉल्टेअर, मुंबईत जन्मलेला किपलिंग, आपल्याकडचे मोतीलाल नेहरू. आणि रायपूरकराची नजर थबकावी असं एक नाव: नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद. १८७७ मध्ये वडिलांच्या कामानिमित्त हे कुटुंब रायपूरला आलं. किशोरवयीन नरेन दोनेक वर्षं इथल्या बूढापाऱ्यात राहिला. आज आमच्या विमानतळाला त्यांचं नाव आहे, बूढा तलावालाही आहे आणि तलावात त्यांचा भव्य पुतळा आहे. कोलकात्याच्या ‘अँकर अँड होप’ लॉजमध्ये त्यांची दीक्षा झाली १८८४ च्या फेब्रुवारीत. त्याच महिन्यात वडील वारले आणि घर उघड्यावर आलं. पुढे जे विवेकानंद घडले त्यांत या दीक्षेचा वाटा कुणी मोजत नाही. पण यादीत नाव आहेच.

व्हॉल्टेअरचं तर आणखी गमतीचं. तो लॉजमध्ये दाखल झाला १७७८ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी, आणि मे महिना संपण्याआधी वारला. त्याचं सगळं लिहून झालेलं होतं. अशा वेळी कुणी कुणाला काय दिलं? संस्थेने माणसाला घडवलं असं यादी सुचवते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा माणूसच आपलं नाव संस्थेला उसनं देऊन गेलेला असतो.

तरी सगळीच नावं अशी नसतात. माणेकजी करसेटजी या मुंबईच्या पारशी गृहस्थाला इथल्या युरोपियन लॉजने दार उघडलं नाही, म्हणून त्याने पॅरिसमध्ये दीक्षा घेतली. त्यानंतर १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने मुंबईत हिंदी माणसांना घेणारं ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज निघालं. कोलकात्यात प्रसन्नकुमार दत्तांना प्रवेश मिळाला तो बऱ्याच वर्षांच्या वादानंतर, १८७२ साली. हिंदू अनेक देव मानतो, मग एका परमेश्वरावर त्याची निष्ठा कशी धरायची, हाही त्या वादातला एक मुद्दा होता. सगळी माणसं भाऊ, असं म्हणणाऱ्यांनाही भाऊ कोण हे ठरवायला समिती लागली. ही नावं उसनी दिलेली नाहीत. ती दार ठोठावून आत गेलेली आहेत.

आत गेल्यावर पुढे काय, हा प्रश्न उरतोच. किपलिंगने लाहोरला दीक्षा घेतली आणि ‘द मदर-लॉज’ ही कविता लिहिली. बाहेर साहेब आणि सलाम, आत सगळे सारखे, हा तिचा विषय. ही ओढ खोटी होती असं मला वाटत नाही. पण तोच किपलिंग बाहेर शेवटपर्यंत साम्राज्याचा कवी राहिला. खोलीतली समता उंबऱ्यापाशी थांबली.

आता मराठीतली यादी. १८४९ च्या सुमारास मुंबईत परमहंस मंडळी नावाची गुप्त सभा सुरू झाली. राम बाळकृष्ण जयकर, दादोबा पांडुरंग, त्यांचे बंधू आत्माराम अशी माणसं तिच्यात होती. मराठीचं व्याकरण लिहिणारे तेच हे दादोबा. जातिभेद मोडायचा हे मंडळींचं ब्रीद, आणि कसोटी म्हणून सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. १८६० मध्ये सभासदांची यादी चोरीला गेली. नावं बाहेर फुटणार म्हणताच मंडळी पांगली.

या माणसांना भित्रं म्हणायला माझी जीभ धजत नाही. वाळीत पडणं म्हणजे मुलीचं लग्न अडणं, मयताला चार खांदे न मिळणं. एकीकडे स्मरणिकेत मिरवायची यादी आणि दुसरीकडे जिच्या चोरीने संस्था मोडते ती यादी. मला दुसरीबद्दल अधिक आदर वाटतो, कारण तिथे नाव लिहिण्याची किंमत होती. सातच वर्षांनी, १८६७ मध्ये, आत्माराम पांडुरंगांनी प्रार्थना समाज उघडपणे स्थापन केला. १८७३ मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला, तोही उघड. बंद खोली ही कधी कधी धैर्याची तालीम असते, हे मान्य करायला हवं.

पण तालीम आणि प्रयोग यांत अंतर असतं. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. गोपाळराव जोशांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापवली. त्या यादीत रानडे होते, टिळक होते. प्रकरण इतकं वाढलं की दोघांनाही प्रायश्चित्ताची वाट धरावी लागली. एक कप चहा आणि एक यादी, एवढ्याने थोरांची परीक्षा झाली.

कप म्हटलं की मला आमच्या तात्यापाऱ्यातल्या घराचा कोनाडा दिसतो.

छत्तीसगढात मितान बदण्याची रीत आहे. दोन माणसं, बहुतेकदा वेगवेगळ्या जातींची, चारचौघांसमक्ष आयुष्यभराचं नातं जोडतात. जगन्नाथपुरीचा प्रसाद एकमेकांना देऊन जोडलं तर ते नातं महाप्रसाद, गंगेच्या पाण्याने जोडलं तर गंगाजल. त्यानंतर एकमेकांचं नाव घ्यायचं नाही. ‘महाप्रसाद’ अशीच हाक मारायची. ना लॉज, ना नोंदवही. माझ्या आजीची अशी महाप्रसाद होती, खारून नदीपलीकडच्या गावातली. ती आली की दोघी ओसरीवर दुपारभर बोलत, आजी मराठीमिश्रित छत्तीसगढीत. आणि चहा झाला की महाप्रसाद आपला कानतुटका कप स्वतः विसळून कोनाड्यात पालथा घालून ठेवी. तो कप दुसऱ्या कुणाचा नव्हता.

एम.ए. ला मी तौलनिक साहित्य शिकत होते. सुट्टीत घरी आले होते, परक्याच्या साहित्यातल्या प्रतिमेवर निबंध लिहीत बसले होते. ती आली. मी उठले, चहा केला आणि माझा हात सरळ कोनाड्याकडे गेला. विचार करावा लागलाच नाही. “जीयत रह, नोनी,” म्हणत तिने कप घेतला. चूक उमगली ती रात्री, निबंध पुढे सरकेना तेव्हा. दुसऱ्या दिवशी ती गावी गेली होती.

आजी गेली तेव्हा महाप्रसादने दहा दिवस सुतक पाळलं, सख्ख्या बहिणीसारखं. ती गेल्याचं आम्हाला वर्षभराने कळलं.

म्हणून लॉजवाल्यांना हसण्याचा अधिकार मला नाही. आमचं बंधुत्व उघड्या ओसरीवर होतं, आणि तरी ते एका कपापाशी अडलं. दाराआड असो की चारचौघांत, नातं जिथे आपल्याला काही सोडायला लावतं तिथेच ते तपासलं जातं. तिने तिच्या बाजूने ते निभावलं. आम्ही कप सोडू शकलो नाही.

स्मरणिका छापून आली. ख्यातनाम सभासदांचं पान बिनचूक आहे, काना-मात्रा सुद्धा. शेवटच्या पानावर भाषांतरकार म्हणून माझं नावही आहे. महाप्रसादचं नाव मात्र मला ठाऊक नाही. आजी ते कधी घेत नव्हती, ते प्रेमाने. आम्ही कधी विचारलं नाही, त्याला प्रेम म्हणता येणार नाही. आता विचारावं असं घरात कुणी उरलेलं नाही.