कंठ फुटतो त्या वयात

ठाण्यात घोडबंदर रोडला मानपाडा, वाघबीळ, कासारवडवलीच्या सोसायट्यांमध्ये गाणं शिकणारी मुलं पुष्कळ. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देत प्रवेशिका, मग मध्यमा अशी ती पुढे सरकतात. याच सुमारास मुलग्यांचा कंठ फुटतो. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, सहज लागणारा तार षड्ज चिरकू लागतो. जाणते गुरुजी अशा वेळी रागावत नाहीत. पट्टी उतरवतात, मंद्रातला रियाज देतात आणि सांगतात, “जोर लावू नकोस, आवाज स्थिरावेल.”

त्याच वयात मनही बदलत असतं. एखाद्या मुलाची साथीला बसणाऱ्या तबलजी मित्राकडे बघता बघता सम चुकते. वर्गातली मुलं मुलींबद्दल जे बोलतात, ते आपल्याला या मित्राबद्दल वाटतंय, हे त्याला उमगतं आणि तो धास्तावतो. गळ्यातल्या बदलाची काळजी घरदार घेतं. हा बदल मात्र तो कुणापाशी बोलू शकत नाही.

खरं तर त्याच्या वहीतल्या बंदिशी ‘पिया’, ‘सैंया’, ‘बालम’ यांनी भरलेल्या असतात. पुरुषाने ती आर्तता गावी, याचं आपल्याला कधी वावगं वाटलं नाही. ज्ञानेश्वरांनी विराण्या रचल्या त्या विरहिणीच्या तोंडच्या. बालगंधर्वांच्या रूपात महाराष्ट्राने भामिनी, सिंधू, रुक्मिणी पाहिल्या आणि त्यांच्यावर जीव ओवाळून टाकला. कलेतल्या ओढीला आपण इतकं मोठं मन दाखवलं. तीच ओढ घरातल्या मुलाने साध्या शब्दांत सांगितली, तर ते मन एवढं आखडू नये.

समलिंगी आकर्षण हा आजार नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच मान्य केलं. प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. हे आकर्षण बदलण्याचे तथाकथित उपचार म्हणजे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये बजावलं. तेव्हा मुलाला ‘सुधारण्या’साठी कुठे नेण्याचा प्रश्नच उरत नाही. आई-बाबांनी त्याचं बोलणं मध्येच न तोडता ऐकावं आणि “तू आमचाच आहेस” हे त्याला स्पष्ट सांगावं. गळ्याच्या बाबतीत गुरुजी दाखवतात तेवढाच धीर इथेही पुरे.

पहिलं प्रेम बहुतेकांचं अपुरंच राहतं. या मुलाचंही कदाचित राहील. त्या मित्राच्या मनात तसं काही नसेलही. ते दुःख तो पेलेल, कारण ते जगातल्या प्रत्येक सोळा वर्षांच्या पोराच्या वाट्याला येऊ शकतं. त्या दुःखात लाजेची भर घालायची की नाही, हे मात्र सर्वस्वी आपल्या, मोठ्यांच्या हातात आहे.