आसन फार उंच नको



आजचं चिंतन गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या दहाव्या आणि अकराव्या श्लोकावर.

भगवंत अर्जुनाला सांगतात, योग्याने एकांतात राहावं, मन आवरावं, कसली आशा धरू नये आणि संग्रह करू नये. लगेच पुढच्या श्लोकात बसायच्या जागेची गोष्ट येते. जागा स्वच्छ असावी. आसन स्थिर असावं, फार उंच नको, फार खालीही नको. दर्भ, मृगाजिन आणि वस्त्र. झालं! एवढ्या मोठ्या साधनेला निघालेल्या माणसाच्या सामानाची यादी तीन वस्तूंत संपली.

ज्ञानेश्वरीत माउलींनी हीच जागा फार प्रेमानं रंगवली आहे. ती अशी असावी की नुसती पाहताच शौकीन माणसालाही वाटावं, राज्यबिज्य सोडून इथंच निवांत राहावं. तिथं गडबड फार नको. पाण्याकाठी दोन-चार पक्षी असले तर असोत, एखादे वेळी कोकिळा येऊन बसली तरी चालेल. मोर कायमचे नकोत, पण येऊन जाऊन असले तर माउली त्यांनाही नाही म्हणत नाहीत. बघा, किती बारकाईनं विचार केलाय! आणि आसन फार उंच का नको? तर अंग डोलेल. फार खाली का नको? तर जमिनीचा दोष बाधेल.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे माझा भाचा. पुण्याला नोकरी करतो. गेली दोन वर्षं त्याला रात्रीची झोप नाही, सुट्टीच्या दिवशीही फोन हातातून सुटत नाही. परवा फोनवर म्हणाला, "मामा, मी आता शांततेसाठी गाडी घेतोय." मोठी फोर-बाय-फोर. ती आणखी उंच करून घ्यायची, छतावर उघडणारा तंबू, आत फ्रीज, जास्तीची बॅटरी, पाण्याची टाकी, पुढे दिव्यांची लांब पट्टी, आणि वाळूत रुतलीच तर ओढून काढायला विंच. सगळं कर्जावर. शेवटी विचारलं, "वेळासच्या पुळणीवर लावता येईल ना मामा? समुद्राच्या अगदी जवळ?"

मी त्याला म्हटलं, "बाळा, उद्या सांगतो." कारण त्याचं दुखणं खरं आहे. त्याची थट्टा करून चालणार नाही. एकांताची ओढ लागणं ही देवाचीच कृपा. पण त्या ओढीला आपण काय खायला घालतो, ते तपासायला हवं.

वेळास आमच्या मंडणगड तालुक्यातलं, नाना फडणवीसांचं मूळ गाव. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री तिथल्या पुळणीवर चढून येते. भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत हात-दीड हात खोल खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि पुन्हा पाण्यात जाते. पुढचे पन्नासेक दिवस त्या अंड्यांना वाळूची ऊब पुरते. तिला लागतं काय? अंधार, शांतता आणि मोकळी वाळू. तिचीही यादी तीनच वस्तूंची!

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये इथल्या घरट्यांचं काम हाती घेतलं आणि २००६ पासून वेळासला कासव महोत्सव भरू लागला. कासवमित्र पहाटे पुळणीवरून चालत जातात आणि मादीच्या पायांचा वाळूतला माग बघून घरटं शोधतात. मग अंडी काढून कुंपणाच्या आत, तशाच खड्ड्यात ठेवतात. आता त्या मागावरून रात्री कुणाची गाडी गेली असेल, तर पहाटे काय दिसणार? चाकांचे चर. खालचं घरटं दबलं तर गेलंच, वाचलं तरी कुणाला सापडणार नाही, कुत्र्या-कोल्ह्यांना मात्र सापडेल. सापडलं नाही आणि तरी पिल्लं निघालीच, तर ती उजेडाच्या दिशेनं चालतात. त्यांच्यासाठी रात्रीचा उजेड म्हणजे समुद्रावरची चमक. मागे कुणी दिव्यांची पट्टी लावून बसला असेल तर ती उलटी फिरतात. आणि चाकाचा चर म्हणजे तळहाताहून लहान जिवाला खंदकच.

गाडीतल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. तो वाईट नसतो हो! तो उंचावर बसलेला असतो, इतकंच. आसन उंच झालं की पायाखाली काय आहे ते दिसत नाही. माउलींनी अंग डोलेल म्हटलं, मला वाटतं इथं मनही डोलतं. आपल्याला कुठेही जाता येतं, म्हणजे कुठेही जायचा हक्क आहे, असं वाटू लागतं.

कुणी म्हणेल, तुमचा गाडीवर राग आहे. मुळीच नाही. आमच्या घाटवळणांत अडल्या बाईला दवाखान्यात न्यायला गाडीच लागते. पंढरीच्या वारीतसुद्धा दिंड्यांचे ट्रक पुढे जातातच की. त्यांत तंबू, भांडी, शिधा, सगळं असतं. पण तो एक ट्रक कितीतरी माणसांची ओझी वाहतो, आणि तळ पडला की वारकरी जमिनीवर पथारी टाकतो. तिथं गाडी साधनेची सेवा करते. इथं दोन माणसांच्या एका रात्रीसाठी अख्खं घर चाकांवर घालायचं, आणि ज्या घरातून दमून निघालो तेच घर पुळणीवर आणून उभं करायचं. मग निघालो कुठून आणि पोचलो कुठे?

अपरिग्रह म्हणजे गरिबी नव्हे, मंडळी. जी वस्तू सांभाळताना देवाकडे लक्ष राहत नाही, ती वस्तू न घेणं, तो अपरिग्रह. फ्रीज चालतोय का, बॅटरी किती उरली, चाकं रुतली तर नाहीत, हप्त्याची तारीख कधी. या चिंता बरोबर नेल्या तर एकांत मिळाला कुठे? एकटेपणा फक्त मिळाला.

दुसऱ्या दिवशी मी भाच्याला सांगितलं, "पुळणीवर गाडी न्यायची नाही. गाडी घ्यायची की नको, ते तू ठरव, पैसा तुझा आहे. पण सही करायच्या आधी एकदा वेळासला ये. एसटीने ये. गावात कुणाच्या तरी घरी उतर, घरचं जेव, पडवीत झोप. पहाटे सगळ्यांबरोबर चालत पुळणीवर जा आणि गप्प बसून बघ. त्यानंतरही गाडी हवीशी वाटली तर खुशाल घे." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, तिथं रेंज असते का?" मी म्हटलं, "नसली तर बरंच!" हसला. येतो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. मी वाट बघतोय.

इथल्या घरांतून पाहुणे उतरतात, त्यावर कितीतरी चुली चालतात. तेव्हा पाहुण्यांनी येऊ नये असं कोण म्हणेल? यावं, जरूर यावं. फक्त ज्याच्या घरी आलो त्याच्या घरासारखं वागावं. पुळण हे त्या कासवीचं माहेर आहे, आपण तिथं उपरे.

आजचा संकल्प छोटा आहे. पुढच्या वेळी बाहेर निघाल तेव्हा सामान बांधून झाल्यावर दाराशी थांबा आणि त्यातली एक वस्तू परत घरात ठेवा. देवाने पुढे त्याच अध्यायात आहार-विहार युक्त असावा असं सांगितलं आहे, त्यातला विहार म्हणजे हाच. आणि मुक्कामाला पोचलात की पहिल्यांदा दिवा बंद करा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ नाम घ्या.

राम कृष्ण हरी.