मनुष्यत्व आणि अन्यथाज्ञान : चिंचवडच्या देवांच्या निमित्ताने

'मनुष्य' हा शब्द व्यवहारात जितक्या निःशंकपणे वापरला जातो तितका तो विचारात निःशंक राहत नाही. दोन हात, दोन पाय, वाचा आणि स्त्री वा पुरुष यांपैकी एका साच्यात बसणारा देह, एवढ्यावर सामान्य जनांचा निर्वाह होतो. परंतु ज्याच्या ठायी हा साचा ढळलेला दिसतो, किंवा जो स्वतःविषयी 'तुम्ही समजता तो मी नव्हे' असे म्हणतो, त्याच्यापुढे हा शब्द अडखळतो. अशा वेळी लोक दोनच मार्ग जाणतात : त्यास मनुष्याहून वर बसवावयाचे, किंवा मनुष्याहून खाली लोटावयाचे. हे दोन मार्ग विरुद्ध दिशांचे भासतात. त्यांचे मूळ एकच आहे काय, हा येथे विचाराचा विषय आहे.

आज कारखान्यांच्या भोंग्यांनी ओळखल्या जाणाऱ्या चिंचवड गावी याचे एक बोलके उदाहरण घडून गेले आहे. पवनेच्या काठी समाधिस्थ झालेले मोरया गोसावी हे थोर गणेशभक्त. त्यांच्यापासून वंशात सात पिढ्यांपर्यंत गणपतीचा अंश उतरत राहील, अशी श्रद्धा होती, आणि त्या पिढ्यांतील पुरुषास 'देव' हीच संज्ञा लाभली. पेशव्यांसारखे सत्ताधीश त्या गादीपुढे नम्र होत, गावे इनाम देत. एडवर्ड मूर या इंग्रज अधिकाऱ्याने या वंशपरंपरागत जिवंत देवतेविषयी लिहिलेला निबंध 1801 मध्ये 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सातव्या खंडात प्रसिद्ध झाला. पुढे 1809 च्या डिसेंबरात मरिया ग्रॅहम ही प्रवासी स्त्री चिंचवडास आली. तिच्या वृत्तांताप्रमाणे, साध्याशा ओसरीत लाकडी आसनावर बसलेले देव हे एक मूल होते. त्याच्या डोळ्यांत तिला अस्वस्थता दिसली. त्या अस्वस्थतेचे जे कारण तिला सांगितले गेले ते ऐकीव आहे, म्हणून सोडून द्यावे. शिवाय परकीयांच्या लेखणीत उपहासाचा दोष असतोच. परंतु तिने नोंदविलेल्या दोन गोष्टींकडे दुर्लक्ष करता येत नाही. त्या मुलास इतर मुलांबरोबर खेळण्याची मनाई होती, आणि संस्कृतावाचून दुसरी भाषा बोलण्याची मनाई होती. पाहुण्यांस त्याच्या हातून बदाम व खडीसाखर मिळाली. त्याला मूठभर रुपये मिळाले.

या प्रसंगात कोणी कोणाचा द्वेष केलेला नाही. भोवतालचे सर्व जन त्या मुलास वंदनच करीत होते. तथापि त्याच वंदनाने त्याचे सवंगडी हिरावले आणि आईच्या घरातील भाषाही हिरावली. लोकांनी त्याला काय म्हणावे हे ठरविले होते. त्याला काय हवे आहे हे विचारण्याची सोय त्या ठरावात नव्हती. देवत्वाच्या आसनावर बसलेल्या त्या मुलाची स्थिती आणि गावकुसाबाहेर ठेवलेल्या मनुष्याची स्थिती यांत मानाचे अंतर फार मोठे, पण शेजार दोघांसही नाही.

ब्रह्मविद्याशास्त्राने जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार पदार्थ भिन्न मानले आहेत. देवता नित्यबद्ध, परमेश्वर नित्यमुक्त, आणि जीव तेवढा बद्धमुक्त, म्हणजे बद्ध असून मुक्त होऊ शकणारा. या भेदाचा उपयोग बहुधा उपास्यनिर्णयासाठी केला जातो आणि तो योग्यच आहे. परंतु मनुष्याकडे कसे पाहावे याचाही निर्णय त्यातून निघतो. मनुष्यदेह हा जीवाचे स्वरूप नव्हे, तो उपाधी होय. देहालाच जीव समजणे हे अन्यथाज्ञान. मग मनुष्यदेहाची थोरवी कशात? त्याच्या आकृतीत निश्चितच नाही. त्या देहात बोध होऊ शकतो आणि बोधाप्रमाणे आचरण करता येते, यात आहे. म्हणून मनुष्यत्व हा आकाराचा प्रश्न न राहता अधिकाराचा प्रश्न होतो. श्रीचक्रधरस्वामींनी स्त्रियांस संन्यासाचा अधिकार दिला तो याच न्यायाने.

देहावरून पटविलेली ओळख किती फसवी असते याचे उदाहरण साधकांच्या नित्य स्मरणातले आहे. गुर्जर देशीच्या प्रधानपुत्र हरिपाळदेवाच्या मृत देहात श्रीचांगदेव राऊळांनी प्रवेश केला. घरच्यांनी देह ओळखला, पुत्र परतला म्हणून आनंद केला. देहाची ओळख अचूक होती. आत कोण आहे हे मात्र त्या ओळखीने कोणासही सांगितले नाही.

येथे पूर्वपक्ष उभा राहतो. मनुष्यदेहधारी पुरुषास परमेश्वर मानणारा पंथ चिंचवडच्या देवांविषयी काय म्हणून आक्षेप घेतो? प्रश्न टाळण्याजोगा नाही. उपास्यनिर्णय शास्त्राने केला आहे, आणि तो येथे पुन्हा मांडण्याचे प्रयोजन नाही. व्यवहाराच्या अंगाने मात्र एक खूण सांगता येते, आणि ती 'सन्निधान' या शब्दात आहे. म्हाइंभटांच्या लीळाचरित्रात स्वामी चालतात, जेवतात, थट्टा करतात, सामान्य बायांशी त्यांच्याच मराठीत बोलतात. रिद्धपूरचे श्रीगोविंदप्रभू मुलांचे खेळ खेळत, अस्पृश्य मानलेल्यांच्या घरी जात. त्यांचे वर्तन अनेकांना वेडेपणाचे वाटे, आणि त्याच गावचे लोक त्यांस मायही म्हणत व बापही म्हणत. त्यांना एका नात्यात बसविण्याचा हट्ट गावाने धरला नाही. तेथे थोरवीने जवळीक उत्पन्न केली. चिंचवडच्या त्या मुलाच्या बाबतीत थोरवीने जवळीक मोडली.

अलीकडे पाश्चात्त्य देशांत काही जन 'देह मनुष्याचा असला तरी अंतरी आपण पशू अथवा अन्य कोणी आहो' असे म्हणतात, आणि ऐकणारे हसतात. योनींतून फिरणारा जीव मानणाऱ्याने तरी हसण्याची घाई करू नये. 'मी लांडगा आहे' हे वाक्य स्वरूपाच्या दृष्टीने चूक असेल, तर 'मी अमुक कुळाचा, अमुक जातीचा पुरुष आहे' हे वाक्यही तितकेच चूक आहे. एका चुकीस फक्त बहुमत लाभले आहे. तथापि शास्त्र त्या म्हणण्यास मान्यता देते असेही नव्हे. पशुयोनीत ज्ञानाधिकार नाही, आणि जो 'मी मनुष्य नव्हे' असे विचार करून सांगतो तो त्या सांगण्यानेच अधिकार सिद्ध करतो. त्याच्याशी वाद करावा. पण वादाला समोर बसवावे लागते, हे विसरू नये.

आता तृतीयपंथी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जनांकडे वळावे. प्रश्नाची धार येथेच सर्वांत तीक्ष्ण आहे. जन्मल्या बाळास आणि नव्या नवरानवरीस त्यांचा आशीर्वाद शुभ मानला जातो. आशीर्वाद देणाऱ्यास खोली भाड्याने द्यावयाची वेळ येते तेव्हा तेच घरमालक दार लावतात. चिंचवडच्या खडीसाखरेची येथे आठवण होते : प्रसाद घ्यावयाचा, संग नाकारावयाचा. इंग्रजी राज्याने तर 1871 च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यान्वये उत्तर हिंदुस्थानात यांच्या नोंदवह्या ठेवल्या, म्हणजे केवळ असण्यावर पाळत ठेवली. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे तृतीय लिंग म्हणून अस्तित्व मान्य केले आणि आपली ओळख आपण सांगण्याचा अधिकार त्यांना असल्याचे म्हटले. 2019 मध्ये संसदेने त्यांच्या हक्करक्षणाचा कायदा केला.

निवाड्याने अधिकार मिळतो, शेजार मिळतोच असे नाही. या दृष्टीने पिंपरी-चिंचवड महापालिकेने 2022 मध्ये केलेली गोष्ट लहान असली तरी विचार करण्याजोगी आहे. तृतीयपंथी व्यक्तींना तिने सुरक्षारक्षक म्हणून कामावर घेतले. यात दया दाखविल्याचा भाग किती आणि न्यायाचा किती, हा वाद होऊ शकेल. परंतु ज्याच्याकडून आजवर आशीर्वाद किंवा शाप एवढेच अपेक्षिले गेले, त्याच्याकडून येथे वेळेवर येणे, दारावर उभे राहणे आणि पगार घेणे अपेक्षिले आहे. कर भरावयास आलेला मनुष्य त्या रक्षकास 'खिडकी कोणती?' असे विचारतो, उत्तर ऐकतो आणि रांगेत जाऊन उभा राहतो.