रोग आणि पातक

पूर्वीचा चांदा जिल्हा, म्हणजे आजचे चंद्रपूर आणि १९८२ साली त्यातून वेगळे झालेले गडचिरोली, या अरण्यमय मुलखाने रोग आणि पातक यांच्या संबंधाचा प्राचीन प्रश्न ज्या तीव्रतेने आपल्यापुढे ठेवला, तितक्या तीव्रतेने तो महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच उभा राहिला असेल. वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर बाबा आमटे यांनी ज्यांच्यासाठी आनंदवन वसवले, त्या महारोग्यांना समाजाने गावाबाहेर काढले त्याला संसर्गाच्या भयाइतकीच दुसरीही एक गोष्ट कारण होती. त्यांच्या झडलेल्या बोटांत पूर्वजन्मीच्या पातकाची साक्ष दिसते अशी लोकांची श्रद्धा होती, आणि कोणत्या पातकाने कोणता रोग जडतो याच्या याद्या देणारे कर्मविपाकाचे ग्रंथ त्या श्रद्धेच्या पाठीशी उभे होते. त्याच बाबांना आयुष्याच्या अखेरीस रक्ताचा कर्करोग झाला आणि ९ फेब्रुवारी २००८ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी, आनंदवनातच त्यांचा देह पडला. १९७३ पासून भामरागडच्या रानात, हेमलकसा येथे, माडिया गोंडांवर औषधोपचार करीत आलेले त्यांचे पुत्र डॉ. प्रकाश आमटे यांनाही २०२२ साली रक्ताच्याच कर्करोगाने, ‘हेअरी सेल ल्युकेमिया’ या त्याच्या विरळ प्रकाराने, गाठले. रोग हे जर पातकाचे फळ, तर या पितापुत्रांच्या नावे कोणते पातक मांडायचे?

पूर्वजन्मीचे, असे कर्मवादी म्हणेल. हे उत्तर खोडून काढता येत नाही हे खरे. परंतु ज्या फिर्यादीत गुन्हा सांगितला जात नाही, पुरावा पुढे येत नाही, आरोपीला स्वतःच्या कृत्याची स्मृतीही नसते आणि तरी शिक्षा मात्र अमलात येते, तिच्या निवाड्याला न्याय म्हणण्यास माझे मन धजत नाही. माडियांची समजूत मला याहून दयाळू वाटते. आजार हा कोपलेल्या देवाचा किंवा भुताचा उपद्रव मानून ते पुजाऱ्याकडे जातात. त्यात वेळ जातो, कित्येकदा जीवही जातो. तथापि तेथे संकट बाहेरून आलेले असते आणि रोगी स्वतः अपराधी ठरत नाही. आमच्या शास्त्रसंपन्न कल्पनेने मात्र वेदनेच्या जोडीला अपराधीपणही रोग्याच्याच पदरात घातले.

ते अपराधीपण उतरवण्याचे काम प्रयोगशाळेने केले. परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये, डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली, पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी शरीरातील पेशी काचपात्रात जगवून वाढवण्याची प्रयोगशाळा उभारली, आणि ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, व स्तनांचा कर्करोग यांची कारणे आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांत कोठे सापडतात हे उंदरांच्या साहाय्याने शोधण्यात अनेक वर्षे वेचली. कुष्ठरोग्यांच्या गाठींतून जंतू काढून ते वाढवण्याच्या त्याच केंद्रातील प्रयत्नांतही त्यांचा वाटा होता. म्हणजे आनंदवनातील रोग्यांचा रोग आणि पुढे आनंदवनाच्या संस्थापकाला झालेला रोग, या दोहोंचा तपास एकाच विदुषीच्या हातून झाला, आणि दोहोंतही पातकाचा मागमूस लागला नाही.

अस्थिमज्जेत दररोज अब्जावधी रक्तपेशी जन्माला येतात. पेशीचे विभाजन होताना सुमारे तीनशे कोटी अक्षरांची आनुवंशिक संहिता दर वेळी पुन्हा उतरवली जाते. आणि त्या नकलेत कधी एखादे अक्षर चुकते. हेअरी सेल ल्युकेमियाच्या जवळजवळ सर्व रोग्यांत बीआरएएफ नावाच्या जनुकातील एकच अक्षर बदललेले असते, हे इटलीतील संशोधकांनी २०११ साली दाखवून दिले. त्या चुकीला हेतू नाही, म्हणून तिच्यात दंडही नाही. काहींना हा यदृच्छेचा विचार भकास वाटतो, जग अनाथ झाल्यासारखे वाटते. मला मात्र त्यात फार मोठी करुणा दिसते, कारण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तो निर्दोष ठरवतो.

तथापि कर्म आणि रोग यांचा संबंध सर्वस्वी तुटला, असे मी म्हणणार नाही. १९४५ साली हिरोशिमावर अणुबाँब पडला आणि पुढच्या काही वर्षांत, त्यातून वाचलेल्यांमध्ये, विशेषेकरून मुलांमध्ये, ल्युकेमिया वाढला. तेथे पाप होते आणि फळही होते. परंतु पाप करणारे एक आणि फळ भोगणारी लेकरे दुसरीच. आपल्याकडेही हेच दिसते. रणदिवेबाई पुढे अहमदनगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास करीत होत्या. त्या मुलांची उपासमार त्यांच्या स्वतःच्या कोणत्या कर्माचे फळ होती? कर्मसिद्धांतात सत्याचा अंश असेल तर तो येथे आहे, आणि त्याचा जाब रोग्याला विचारता येत नाही, धडधाकटांनाच विचारावा लागतो.

भामरागडमधील ल्युकेमियाच्या रोग्याला उपचारासाठी नागपूर गाठायचे तर तीनशेहून अधिक किलोमीटर जावे लागते. उपचार चालू असता त्याला वारंवार रक्त लागते, प्लेटलेट्स लागतात, आणि साठवलेल्या प्लेटलेट्स साधारणतः पाच दिवसांपलीकडे टिकत नाहीत. म्हणून अशा रोग्याच्या घरी ‘याने काय केले असेल’ असा प्रश्न मनात घेऊन जो जात असेल, त्याने तो प्रश्न टाकून द्यावा आणि जवळच्या रक्तपेढीत जाऊन रक्तदात्यांच्या यादीत आपले नाव घालावे.